पन्नास मीटर, बावन्न वर्षं

(सणसवाडी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

फर्स्ट शिफ्ट करून, घरी हातपाय धुऊन थेट इथं आलेल्या माझ्या आजोळच्या माणसांनो,

ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला आहे त्या, इथल्या शाळेतल्या गुरुजींच्या स्मृतीला तिसरं पुष्प वाहायला मला बोलावलंत. आभार तर मानायचेच, पण त्याआधी एक ऋण सांगतो. मी पोहायला शिकलो ते गुरुजींमुळं, आणि याच गावच्या मळ्यातल्या विहिरीत. सुटीला आजोळी आलो की दुसऱ्याच सकाळी माझ्या पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधला जायचा. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की हलकं होतं, काही केल्या बुडत नाही. ज्याच्याकडं पांगारा नाही त्याला वाळका भोपळा, तोही नसला तर झाकण गच्च बसवलेला डालड्याचा डबा. गुरुजी धोतराचा सोगा खोचून थारोळ्यावर उभे राहायचे आणि वरून सांगायचे, ‘हात लांब टाक. पाणी मागं लोट.’ दोन उन्हाळ्यांनंतर बिंडा सुटला. मग धावेवरून पळत येऊन मुटका मारायचा, नाहीतर सूर, एवढंच काय ते राहिलं.

बहात्तर साली मी नऊ वर्षांचा होतो आणि त्या वर्षी आईबरोबर इथंच राहत होतो. बहात्तर म्हटलं की या सभागृहातल्या साठीपलीकडच्या माणसांच्या डोळ्यांपुढं काय येतं, ते सांगायला नको. आषाढ कोरडा गेला, श्रावण कोरडा गेला. आमच्या विहिरीचा तळ दिसायला लागला, कपारीतली कबुतरं उडून गेली. पुढं दुष्काळी कामं निघाली. घरातली सगळी मोठी माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या मातीकामाला जायला लागली. रेशनवर लाल मिलो आला आणि मुलांना सुकडी मिळायला लागली. पण मला आठवतात ते त्याच्या आधीचे, श्रावणातले दिवस. पाणी नाही म्हणून गुरुजींनी पोहण्याचा वर्ग बंद केला नाही. शाळेच्या पारावर बाज टाकली, आम्हाला एकेकाला तिच्यावर पालथं घातलं आणि हात मारायला लावले. पाय बाजेबाहेर लोंबत असायचे. एक, दोन, एक, दोन. येणारेजाणारे थांबून बघायचे. पाऊस आल्यावर हात विसरायला नकोत, असं गुरुजी त्यांना सांगायचे.

त्याच ऑगस्टात, जर्मनीतल्या हायडेलबर्ग नावाच्या शहरात, आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा एक माणूस नुसत्या हातांनी पन्नास मीटर पोहला. पाय त्याला साथ देत नव्हते. पाठीच्या कण्याला गोळी लागली होती. वेळ लागला ३७.३३ सेकंद. तो जागतिक विक्रम ठरला आणि सुवर्णपदक त्याच्या गळ्यात पडलं. माणसाचं नाव मुरलीकांत राजाराम पेटकर. भारताला पॅरालिम्पिकमध्ये मिळालेलं ते पहिलं पदक, आणि तेही सोन्याचं. ऑलिम्पिकमध्ये एकट्याच्या बळावर भारतीयानं सोनं मिळवायला त्यानंतर ३६ वर्षं जावी लागली. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राचा नेम लागला तेव्हा सारा देश जागा होता. बहात्तर साली आपण कोरड्या विहिरीत बघत होतो.

मी आज बोलणार आहे ते पेटकरांच्या पराक्रमापेक्षा जास्त त्यांच्या प्रसिद्धीवर. ती त्यांना कशी मिळाली नाही, मग कशी मिळाली, आणि मधल्या काळात आपलं काय गेलं, याबद्दल. त्यासाठी मी तुम्हाला थोडा वेळ ब्राझीललाही नेणार आहे. पण आधी माणूस नीट ओळखून घेऊ.

पेटकर पोरवयात सैन्याच्या बॉइज बटालियनमध्ये दाखल झाले. पुढं ईएमई या तांत्रिक दलात क्राफ्ट्समन. खेळ मुष्टियुद्धाचा. सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी १९६४ मध्ये टोकियोला जाऊन आलेला हा बॉक्सर. पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं. शत्रूच्या हवाई हल्ल्यात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, आणि एक गोळी कण्यापाशी राहिली ती राहिलीच. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात दीर्घ उपचार झाले. कमरेखालचं शरीर ऐकेनासं झालेल्या माणसाला डॉक्टर पाण्यात उतरवतात तो व्यायाम म्हणून. जमिनीवर जड झालेलं अंग पाण्यात हलकं होतं, खांदे मोकळे होतात. पेटकर तसेच पाण्यात उतरले. स्पर्धेसाठी नव्हे, उपचारासाठी.

१९६८ मध्ये भारतानं पहिल्यांदा पॅरालिम्पिकला खेळाडू पाठवले, तेल अवीवला. पेटकर तिथं टेबल टेनिस खेळले. १९७० साली एडिनबरोच्या राष्ट्रकुल पॅराप्लेजिक स्पर्धेत त्यांनी पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. आणि मग हायडेलबर्ग. परदेशी जाण्यासाठी मदतीचा हात दिला तो विजय मर्चंट यांनी. क्रिकेटमधला एवढा मोठा माणूस अपंगांच्या कामासाठी स्वतः पदरमोड करत आणि लोकांकडून पैसे गोळा करत फिरायचा, हे आज कुणाला फारसं आठवत नाही.

आता ते ३७.३३ सेकंद जरा जवळून बघा. इथं पोहणारे पुष्कळ आहेत, तुम्हाला कळेल. आपण पोहतो तेव्हा पाय नुसते पाणी मारत नाहीत, ते अंग आडवं ठेवतात. पाय थांबवून बघा, कंबर खाली जाते, मांड्या खाली जातात, आणि अंग पाण्यात तिरकं उभं राहायला लागतं. तिरकं अंग म्हणजे पाण्याला अडवणारी फळी. ज्याच्या पायांत जीव नाही त्याला प्रत्येक हातानं दोन कामं करावी लागतात. एक पुढं जायचं, दुसरं मागची बुडती बाजू ओढून न्यायची. त्यात श्वास घ्यायला मान वळवली की अंग डोलतं, आणि ते सावरायला पाय नसतात. काठावरून सूर मारताना पायांचा रेटा मिळत नाही तो वेगळाच. अशा अंगानं पन्नास मीटर सदतीस सेकंदांत. आपल्या गावातला चांगला धडधाकट, पट्टीचा पोहणारा घ्या आणि घड्याळ लावा. मी लावून बघितलं आहे.

आणि तरी त्या ऑगस्टात सणसवाडीला कळलं नाही. शिरूरला कळलं नाही. पुण्यात किती जणांना कळलं असेल, देव जाणे. म्युनिकचं ऑलिम्पिक त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी होतं आणि सगळं लक्ष तिकडं. खरं म्हणजे पॅरालिम्पिकही म्युनिकलाच व्हायचं. पण तिथलं क्रीडाग्राम ऑलिम्पिक संपताच खासगी घरांसाठी द्यायचं ठरलेलं, म्हणून हे खेळाडू हायडेलबर्गला गेले. दूरदर्शनचं मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे पेटकरांच्या शर्यतीनंतर जेमतेम दोन महिन्यांनी. ऑगस्टात महाराष्ट्रात टीव्हीच नव्हता. रेडिओ होता. त्याच रेडिओमुळं आदल्या वर्षी वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीज आणि इंग्लंड जिंकल्याचं आमच्या या गावात बैलांना वैरण टाकणाऱ्या गड्यालाही ठाऊक होतं. गावसकर किती धावांवर आहे, हे पानाच्या गादीवर विचारलं जायचं. पेटकरांचं नाव त्या रेडिओतून आमच्यापर्यंत आलं नाही.

खाशाबा जाधवांचं उदाहरण आपण नेहमी देतो. १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, मायदेशी सरकारनं मान दिला नाही, हे खरं. पण कऱ्हाडला स्टेशनावरून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती, ढोल-लेझीम होते. गावानं तरी आपला माणूस डोक्यावर घेतला. कुस्ती गावाला कळते. कोण चीत झाला, कोण वर होता, हे लहान पोरालाही दिसतं. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाची पोहण्याची शर्यत कशी असते, ती कोण लावतं, कशासाठी लावतं, हे समजायला आपल्याकडं काही आधारच नव्हता. सैनिक होता, जखमी झाला, बिचारा. एवढ्यावर विचार थांबायचा.

पेटकर नंतर पुण्यात टेल्कोत नोकरीला लागले. वर्षानुवर्षं नोकरी केली, संसार केला. या रस्त्यानं तळेगाव ढमढेरेला, रांजणगावला, शिरूरला जाणाऱ्या कामगारांच्या बसमध्ये बसलेल्या कुणाच्या शेजारीही अशी माणसं बसलेली असू शकतात. पुणे जिल्ह्यात भारताचा पहिला पॅरालिम्पिक सुवर्णविजेता राहतो, हे जिल्ह्याला माहीत नव्हतं.

यात माझाही वाटा आहे. मी नव्वदच्या दशकात एका दैनिकात खेळाची बातमीदारी करत होतो. पेटकरांबद्दल एका निवृत्त सुभेदारांकडून ऐकलं आणि मी सहाशे शब्दांचा मजकूर लिहून दिला. दुसऱ्या दिवशी अंकात चार ओळी होत्या, तळाच्या कोपऱ्यात. डेस्कवर विचारलं, तर उत्तर मिळालं की जुनी गोष्ट आहे, आणि अपंगांच्या स्पर्धेतली आहे. मी भांडायला हवं होतं. भांडलो नाही. दुसऱ्या दिवशी रणजीचा सामना होता, तिकडं गेलो. तीस वर्षं झाली, पण त्या चार ओळी माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आता ब्राझील. आपल्याला ब्राझील म्हटलं की फुटबॉल आठवतो. पोहण्यातही त्यांचं मोठं नाव आहे. सेझार सिएलोनं २००८ मध्ये बीजिंगला पन्नास मीटरचं सोनं घेतलं, जलतरणातलं ब्राझीलचं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. पुढच्या वर्षी त्यानं त्याच अंतरासाठी २०.९१ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. पण मला ज्यांची गोष्ट सांगायची आहे ते तिघं पॅरालिम्पिकचे आहेत.

पहिला क्लोदोआल्दो सिल्वा. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या नाताल शहरातल्या गरीब घरचा. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, पायांत ताकद नाही. तोही पाण्यात उतरला तो पेटकरांसारखाच, शस्त्रक्रियांनंतरचा उपचार म्हणून. २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये त्यानं सहा सुवर्णपदकं आणि एक रौप्य मिळवलं. त्याच्या देशात त्याला शार्क म्हणायला लागले. आणि इथं आपल्या गोष्टीत आणि त्याच्या गोष्टीत फरक पडतो. त्याची शर्यत ब्राझीलमधल्या टीव्हीवर दिसली.

ती बघणाऱ्यांत मिनास जेराइस प्रांतातल्या एका लहान गावात वाढणारा सोळा वर्षांचा एक मुलगा होता. दानियल दियास. दोन्ही हात आणि एक पाय जन्मतःच अपुरे वाढलेले. अपंग माणसांसाठी अशा शर्यती असतात हे त्याला तोवर माहीतच नव्हतं. क्लोदोआल्दोला पोहताना बघितलं आणि तो पोहायला शिकायला गेला. चार वर्षांनी बीजिंगमध्ये त्याच्याकडं नऊ पदकं होती. लंडनला सहा सुवर्ण. रिओला पुन्हा नऊ पदकं. टोकियोनंतर तो थांबला तेव्हा १४ सुवर्ण, ७ रौप्य आणि ६ कांस्य, अशी २७ पॅरालिम्पिक पदकं त्याच्या नावावर होती. जगातल्या उत्तम दिव्यांग खेळाडूला मिळणारा लॉरियस पुरस्कार त्यानं तीनदा घेतला.

तिसरा सगळ्यांत धाकटा. गॅब्रिएल आराउजो. लोक त्याला लाडानं गॅब्रिएलझिन्यो म्हणतात. आपण गणपतला गणू म्हणतो तसं. त्याला हात जवळजवळ नाहीतच, पायही आखूड. मग हा पोहतो कसा? पाठीवर पडतो आणि छातीपासून पायापर्यंत सारं अंग माशासारखं लाटांनी हलवतो. भिंत आली की आपण हात लावतो, तो डोकं लावतो. होय, डोक्यानं पॅडला टक्कर देतो तेव्हा घड्याळ थांबतं. टोकियोत दोन सुवर्ण, पॅरिसला २०२४ मध्ये तीन सुवर्ण. शर्यतीला येताना हा पोरगा नाचत येतो, कॅमेऱ्याला जीभ काढून दाखवतो, जिंकल्यावर पाण्यातच गिरक्या घेतो. हजारो फ्रेंच प्रेक्षक या ब्राझीलच्या मुलाच्या नावाचा घोष करत होते. पॅरिसच्या उद्‌घाटनाच्या संचलनात त्याच्या देशाचा ध्वज नेणाऱ्या दोघांत तो एक होता.

त्याची लोकप्रियता कशावर उभी आहे, याचा मी पुष्कळ विचार केला. त्याची दया येऊन कुणी टाळ्या वाजवत नाही. त्याचा वेळ किती, दुसरा आलेला त्याच्या किती मागं, पुढच्या शर्यतीत तो विक्रम मोडेल का, हे लोक विचारतात. समालोचक त्याच्या आईच्या अश्रूंपेक्षा त्याच्या अंगाच्या लाटेबद्दल जास्त बोलतात. म्हणजे त्याच्याकडं खेळाडू म्हणून बघतात. आपल्याकडं अजून बातमी येते, ‘अपंगत्वावर मात’, ‘जिद्दीला सलाम’. मथळा वाचून संपतो आणि वेळ किती लागला हे बातमीत शोधूनही सापडत नाही. पळणाऱ्याची वेळ लिहायची, फेकणाऱ्याचं अंतर लिहायचं, एवढं साधं काम आहे. सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीनं पॅरिसला गोळाफेकीत रौप्य घेतलं, १६.३२ मीटरवर. हा आकडा शाळेतल्या गोळा फेकणाऱ्या पोराला सांगा. सलामापेक्षा तो त्याच्या जास्त कामाचा आहे.

ब्राझीलमध्ये हे आपोआप झालेलं नाही. २००१ साली त्यांनी कायदा केला आणि सरकारी लॉटरीच्या उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा ऑलिम्पिक समितीबरोबर पॅरालिम्पिक समितीलाही देऊ केला. दरवर्षी कुणाच्या दारात जायला नको, पैसा येणारच. त्यातून शाळकरी दिव्यांग मुलांच्या स्पर्धा उभ्या राहिल्या, साव पावलोला मोठं प्रशिक्षण केंद्र झालं. पॅरिसला ब्राझीलनं २५ सुवर्णांसह ८९ पदकं मिळवली आणि पदकतक्त्यात पाचवा नंबर घेतला. आपणही २९ पदकं आणली, आजवरची सर्वाधिक, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्या २९ मध्ये पोहण्यातलं एकही नाही. पोहण्यातलं भारताचं पॅरालिम्पिक पदक आजही एकच आहे. हायडेलबर्गचं.

रिओचं एक दृश्य सांगतो. ७ सप्टेंबर २०१६ ची रात्र, माराकाना स्टेडियम, वरून पाऊस. शेवटची मशाल क्लोदोआल्दोच्या हातात. तो व्हीलचेअरवर, आणि समोर ज्योतीपर्यंत जाणारा उंच जिना. स्टेडियम गप्प झालं. मग जिन्याच्या पायऱ्या सरकल्या, उघडल्या आणि त्यांचा उतार झाला. त्या उतारावरून तो चाकं फिरवत वर गेला आणि ज्योत पेटवली. त्याच स्पर्धेत दानियल दियास पोहत होता. क्लोदोआल्दोही.

आपल्या शेतीच्या भाषेत सांगायचं तर प्रसिद्धी ही पाणंद आहे. ज्याच्या नावानं ती ओळखली जाते तो एकदा तिच्यावरून गेलेला असतो. तिचा खरा उपयोग मागून बैलगाडी घेऊन येणाऱ्याला. क्लोदोआल्दोच्या पाणंदीवरून दानियल आला, दानियलच्या पाणंदीवरून गॅब्रिएल. पेटकर गेले तिथं बहात्तर सालीच पाणंद पडायला हवी होती. आपण ती पडू दिली नाही, बाभळी वाढू दिल्या. १९७६ आणि १९८० च्या पॅरालिम्पिकला तर आपण कुणाला पाठवलंच नाही.

मग बाभळी तोडत एकटाच एक मुलगा आला. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातला सुयश जाधव. अकरा वर्षांचा असताना विजेच्या तारेच्या धक्क्यानं दोन्ही हात कोपराखालून गेले. २०१६ मध्ये रिओ पॅरालिम्पिकसाठी पात्रतेची ‘अ’ वेळ गाठणारा तो पहिला भारतीय जलतरणपटू ठरला. १९७२ ते २०१६, मोजा. ४४ वर्षं. २०१८ च्या जकार्ता आशियाई पॅरा स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये त्यानं सुवर्ण मिळवलं, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. बटरफ्लाय म्हणजे दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढं फेकायचे. ते हात कोपरापर्यंतच आहेत, हे डोळे मिटून क्षणभर मनात आणा. अकराव्या वर्षी रुग्णालयाच्या खाटेवर पडलेल्या सुयशला कुणी जर सांगितलं असतं की शेजारच्याच जिल्ह्यात असा एक माणूस राहतो, तर? माझ्या त्या चार ओळींच्या जागी सहाशे शब्द छापून आले असते तर कदाचित कुणी सांगितलंही असतं.

धडधाकट पोहणाऱ्यांचीही आपण फार दखल घेतो असं नाही. कोल्हापूरचा वीरधवल खाडे सतराव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकला पोहला. २०१० मध्ये ग्वांगझूला आशियाई कांस्य जिंकलं. खजान सिंगनंतर २४ वर्षांनी भारताला आशियाई स्पर्धेत मिळालेलं ते जलतरणातलं पदक. पुढं तो आपल्या राज्यात तहसीलदार झाला. नोकरी सांभाळून पुन्हा पाण्यात उतरला आणि २०१८ मध्ये जकार्ताला पन्नास मीटरमध्ये चौथा आला. पदक हुकलं ते एका सेकंदाच्या शंभराव्या भागानं. आपण सातबाऱ्यासाठी ज्या कचेरीत रांग लावतो, तशा कचेरीत बसणारा माणूस आशियातल्या सगळ्यांत वेगवान चौघांत होता.

पेटकरांकडं परत येतो. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १४ जून २०२४ रोजी कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट लागला, कार्तिक आर्यननं पेटकरांची भूमिका केली. १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात त्यांना अर्जुन जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. ऐंशीच्या घरातले पेटकर कुबड्यांवर पुढं आले आणि टाळ्या थांबेनात. मी ते घरी टीव्हीवर बघत होतो आणि मला रडू आवरलं नाही. हायडेलबर्गनंतर देशानं त्यांना घरोघर ओळखायला बावन्न वर्षं लागली, आणि ते काम शेवटी सिनेमानं केलं. सिनेमावर टीका करणारे पुष्कळ आहेत. मी करणार नाही. शिक्रापूरपासून कोरेगावपर्यंतच्या शाळांतली पोरं आज पेटकरांचं नाव घेतात ते त्या सिनेमामुळंच. माझं एवढंच मागणं आहे की नटानं कमावलेल्या शरीराबरोबर ३७.३३ हा आकडाही पोरांना पाठ व्हावा.

आता इथलं, सणसवाडीचं बोलतो, आणि संपवतो. गुरुजींच्या काळात हे ज्वारी-बाजरीचं गाव होतं. आज नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने आहेत, घरटी एक माणूस कंपनीत आहे, आणि बिहार-ओडिशापासूनची पोरं इथल्या चाळींत राहतात. पगार आले, पक्की घरं आली. त्याबरोबर पॉवर प्रेसही आले. प्रेसवर ज्यांची बोटं गेली, पंजा गेला, अशी माणसं या गावात आणि आसपास आहेत. प्रत्येकाला ती ठाऊक आहेत. त्यांना भरपाई मिळाली का, हलकं काम मिळालं का, याची चौकशी आपण करतो. ते आता काय खेळतात, हे कुणी विचारत नाही. खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, १९७४ पासून. कण्याला इजा झालेले सैनिक तिथं राहतात, काम शिकतात आणि खेळतातही. सैन्यानं हे ओळखलं होतं. गिरणी-कारखान्यांच्या पट्ट्यात अजून कुणी ओळखलेलं दिसत नाही.

काल संध्याकाळी मी अशाच एका घरी गेलो होतो. तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा. डावा पंजा मनगटापासून नाही. नाव मी सांगत नाही, कंपनीचंही नाही. लहानपणी तो पाझर तलावात पोहायचा. तोच तलाव, जो बांधायला दुष्काळात माझ्या मामीनं पाटीपाटीनं माती टाकली. हात गेल्यापासून तो पाण्यात उतरलेला नाही. लोक बघतात, म्हणाला. मी फोनवर त्याला गॅब्रिएलची पॅरिसची शर्यत लावून दिली. त्यानं ती एकदा बघितली, मागं घेऊन पुन्हा बघितली, आणि मग शेवटच्या पाच मीटरवर थांबवून विचारलं, “भिंतीला डोकं लावलं तर चालतं?”

चालतं, मी म्हटलं. नियमातच आहे.

मग त्यानं पेटकरांचा वेळ विचारला. मी कागदावर ३७.३३ लिहून दिलं. तो कागद घडी करून त्यानं कंपनीच्या आयकार्डच्या प्लास्टिकच्या खिशात सरकवला. आज त्याची सेकंड शिफ्ट आहे, म्हणून तो इथं नाही. निघताना मी चपला घालत होतो तेव्हा तो उंबऱ्यात आला आणि म्हणाला, “सर, सांडव्यापासून पलीकडच्या बाभळीपर्यंत पन्नास मीटर भरत असतील का?” मोजल्याशिवाय कसं सांगणार, म्हटलं. रविवारी सकाळी दोघं मिळून जाऊ, एकटा उतरू नकोस.

आतून भाकरी थापता थापता त्याची आई म्हणाली, “रानाची मोजायची टेप हाये की घरात. माळ्यावर हाये.”